अंबाडी

न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं मामाजींनी
मृगात अंबाडीच्या दोन ओळी टाकल्या.
मधे कुठंतरी आणखी एक बी,
आगपेटीतून काढलेलं.
मला वाटलं, ढेमशाचं असेल.

पान आलं तेव्हाही फसलेच.
अंबाडीचं पंजासारखं, याचंही पंजासारखं,
कातरलेलं थोडं जास्त,
जशी एखादी पाहुणी नेसते आपल्यासारखंच
पण निऱ्या बारीक घेते.
एकदा भाजीसाठी हात घातला
तर खाटेवरून आवाज आला,
"ते नको वेणू. ते आंबट नाय."

भजनात चौघं होते.
नामाजी झांजेवर, दयाराम मृदंगावर,
बकाराम नुसता माना डोलवायला,
आणि आमचे मामाजी पुढं.
पहाटे आरती झाली की देवळामागं
चिलीम फिरायची, डावीकडून उजवीकडे.
आता डावीकडे कोणी नाही, उजवीकडेही नाही.
बकारामनं जाता जाता आगपेटी दिली
आणि इकडं डॉक्टरनं ओढणंच बंद केलेलं.
दमा. उशाशी निळा पंप.
तरी रोज सकाळी तांब्या घेऊन जायचे
आणि त्या एका झाडाशी इतकं बोलायचे
जितकं माझ्या नवऱ्याशी
पंचवीस वर्षांत बोलले नसतील.

दसऱ्यानंतर अंबाडी फुलली,
पिवळी, गळ्याशी लालकाळी.
हिला फूल म्हणावं असं काही नाही.
शेंड्याशेंड्याला केस, पांढरे,
मग तांबूस होत गेले.
आपले काळ्याचे पांढरे होतात.
मामाजी म्हणाले, "मादी हाय.
नर लागला नाय हिले.
वाट पाहू पाहू चिकट झाली."
मी काही बोलले नाही.
बोटं राखेनं घासत राहिले.

वास मात्र झाकता येईना.
ओल्या पोत्याचा, कैरीच्या चिकाचा,
चिरडलेल्या ढेकणाचा,
सगळ्यांचा मिळून एक.
रात्री गल्लीभर फिरून येई
आणि आपल्याच दाराशी बसे.

मग मी अंबाडी कापली, पेंढ्या बांधल्या,
गोठ्यामागच्या टाक्यात बुडवून वर दगड ठेवले.
आठव्या दिवशी ती घाण सुटली की
यमुना पदर नाकाला लावून आली,
"व माय, नाल्यात टाकाव ना!"
म्हटलं, नाल्यातून चोरतात.

जमादार रायपुरे कोणाच्या तरी
मोटारपंपाच्या चोरीसाठी आले होते.
ओट्यावर बसले. नाक उचललं. पुन्हा उचललं.
"कायचा वास हाय?"
"अंबाडी सडू घातली जी."
"दोन वास येऊन राह्यले."
"अंबाडीले दोन असतात."
अर्धा चहा तसाच ठेवून गेले.
मामाजी आत हसले, हसताहसता खोकले,
मी पंप नेऊन दिला.

थंडी पडल्यावर एका रात्री विळ्यानं कापलं.
माळ्यावर कांद्यांशेजारी उलटं टांगलं.
वाळलं तसे चार पुड्या बांधल्या, जुन्या पेपरात.
तीन घरी स्वतः जाऊन दिल्या, त्या तिघांच्या.
बायकांनी चुलीत घातल्या असतील,
कोणी काही म्हणालं नाही.
फक्त नामाजीच्या म्हातारीनं एका रात्री
झांज वाजवली म्हणतात. एकदाच.
चौथी इथं, पत्र्याच्या डब्यात.
झाकण उघडतात, हुंगतात, लावून टाकतात.

आणि दिवसभर मांडीवर दोर वळतात.
टाक्यातली अंबाडी धुऊन वाळवली
तर पांढरीशुभ्र निघाली, म्हातारीच्या वेणीसारखी.
हात मात्र तेच, डब्यातले.

पौषात जमादार पुन्हा आले, फटफटीवर तुरीचं पोतं.
"बाई, दोर हाय का एखादा?"
मी नवाच काढून दिला, आठ हात.
त्यांनी ताणून पाहिला. नाकाशी नेला.
जरा वेळ तसेच उभे राहिले.
"अंबाडीच ना?"
"अंबाडीच जी."
पोतं घट्ट बांधलं, दोन गाठी मारल्या,
आणि उरलेलं टोक
खिशात घातलं.